गिलावा उतरताना : खापरखेड्याच्या न्हाणीघरातील चुना, सिमेंट आणि राख

१/
नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात खापरखेडा हे गाव आहे. महाराष्ट्राला ते ठाऊक आहे औष्णिक वीजकेंद्रामुळे. या गावातील किंवा भोवतालच्या वसाहतींतील एखाद्या जुन्या घराचे न्हाणीघर टाइल लावण्यासाठी उघडले जाते, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : भिंतीवरचा जुना गिलावा पाडावा, की त्याच्यावरच टाइल बसवून मोकळे व्हावे?

२/
प्रश्न घरगुती आहे. उत्तर मात्र चुना, सुरखी, सिमेंट आणि राख या चार पदार्थांच्या इतिहासात दडलेले आहे. छिन्नी भिंतीत ज्या क्रमाने शिरते, त्याच क्रमाने हा इतिहास पाहता येतो. वरचा थर सर्वांत नवा, आतला सर्वांत जुना. पुरातत्त्वज्ञ जमीन खणताना हाच नियम पाळतो.

३/
जाणता मिस्त्री प्रथम छिन्नी उचलत नाही. तो हातोडीच्या लाकडी दांड्याने भिंत ठोकत जातो. आवाज भरीव आला, तर गिलावा विटेला धरून आहे. ‘बद्द’ असा पोकळ आवाज आला, तर गिलावा आतून सुटला आहे आणि आपल्याच कडकपणावर कसाबसा उभा आहे. मग तो खडूने त्या जागा आखून घेतो. न्हाणीघरात अशा जागा बहुधा खालच्या तीन-चार फुटांत आणि नळाच्या भोवती सापडतात.

४/
सुटलेल्या गिलाव्यावर टाइल का लावू नये, हे साध्या हिशेबाने कळते. आठ मिलिमीटर जाडीची टाइल चौरस मीटरला साधारण १५ ते १८ किलो भरते. तिच्यामागचा दीड सेंटिमीटरचा मसाला आणखी ३० किलोंच्या आसपास. म्हणजे आठ फूट लांब आणि सात फूट उंच अशा एका भिंतीवर सव्वादोनशे ते अडीचशे किलोंचे ओझे येते. ते सारे खाली ओढत असते, आणि त्याला धरून ठेवतो तो मधला सर्वांत दुबळा थर.

५/
छिन्नीला पहिल्यांदा लागतो रंग. जुन्या न्हाणीघरात छातीच्या उंचीपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा आणि त्यावर चुन्याची सफेदी, अशी रचना नेहमी आढळते. सफेदीमागे स्वच्छतेची एक जुनी समजूत आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा घरे निर्जंतुक करण्याच्या मोहिमेत भिंतींना चुना फासणे हा एक मुख्य उपाय होता. चुना लावलेली भिंत म्हणजे निरोगी भिंत, हे समीकरण त्या काळात अधिकच पक्के झाले.

६/
धुता येणारी भिंत मात्र फार काळ श्रीमंतांच्या आणि रुग्णालयांच्या वाट्यालाच होती. १९२२ मध्ये मुंबईत सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या प्रेरणेने भारत टाइल्सचा कारखाना काढला. त्याच्या रंगीत सिमेंटच्या लाद्या जमिनीसाठी होत्या. भिंतीवरच्या चकचकीत टाइलचे मोठे देशी उत्पादन १९५८ मध्ये स्थापन झालेल्या जॉन्सन कंपनीसारख्या उद्योगांनी वाढवले. तोपर्यंत मध्यमवर्गीय घराने ऑइलपेंटवर भागवले.

७/
आज हाच ऑइलपेंट टाइलच्या आड येतो. रंगाचा पापुद्रा पाणी शोषत नाही. त्यामुळे सिमेंटच्या मसाल्याला भिंतीत शिरून मूळ धरता येत नाही. सफेदीची अडचण याच्या उलट आहे. तिचे एकावर एक चढलेले पापुद्रे मुळातच भुसभुशीत असतात. मसाला सफेदीला घट्ट चिकटतो, पण सफेदी भिंतीला घट्ट चिकटलेली नसते. टाइल निखळून पडते, तेव्हा तिच्या पाठीवर पुष्कळदा पांढरी पूड दिसते, ती याच थराची.

८/
रंगाखाली पुष्कळदा नीरूचा थर निघतो. नीरू म्हणजे भिजवून, गाळून, मुरवलेल्या बारीक चुन्याचा हात. सिमेंटच्या खरखरीत गिलाव्यावर तो दिला की भिंत गुळगुळीत होते. महाराष्ट्रात कित्येक दशके हीच शेवटची सफाई होती. येथे इतिहास मिश्र होतो : आत सिमेंट, वर चुना. नवे साहित्य आले, तरी गवंड्याच्या हाताने जुन्याची साथ सोडली नव्हती. टाइलसाठी मात्र हा गुळगुळीतपणा निरुपयोगी असतो.

९/
त्याखाली सिमेंट. १८२४ मध्ये इंग्लंडच्या लीड्समधील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने ‘पोर्टलँड सिमेंट’चे पेटंट घेतले. भारतात १९०४ मध्ये मद्रासला पहिला प्रयत्न झाला आणि १९१४ मध्ये पोरबंदरला नियमित उत्पादन सुरू झाले. पाठोपाठ १९१५ मध्ये कटनीचा कारखाना चालू झाला. कटनी त्या वेळच्या मध्य प्रांतात होती आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. सिमेंट विदर्भाच्या अंगणात असे लवकर आले.

१०/
ते आले, पण सर्वांना मिळाले नाही. दुसऱ्या महायुद्धापासून पुढची जवळजवळ चार दशके, मधला थोडा काळ वगळता, सिमेंटची किंमत आणि वाटप सरकारच्या हाती होते. घर बांधायचे तर परवाना काढावा लागे आणि पोत्यांची वाट पाहावी लागे. ही टंचाई महाराष्ट्राच्या राजकारणापर्यंत पोहोचली. सिमेंटवाटप आणि न्यासांना मिळालेल्या देणग्या यांच्या संबंधावरून जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला.

११/
त्याच वर्षी, फेब्रुवारी १९८२ मध्ये, सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झाले; १९८९ मध्ये पूर्णपणे. या दोन तारखा न्हाणीघराची भिंत वाचताना उपयोगी पडतात. टंचाईच्या काळातील गिलाव्यात सिमेंट कमी आणि वाळू अधिक असण्याचा संभव मोठा. अशा भिंतीवर खिळा ओढला, तर वाळू झरझर गळते. हा दोष एकट्या गवंड्याचा नसतो; त्या वाळूत एका धोरणाचाही अंश असतो.

१२/
खापरखेड्याचा इतिहास या काळाला समांतर चालतो. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या दिवसांत, येथे छोटे वीजकेंद्र उभे राहिले. आजच्या केंद्राचा पहिला २१० मेगावॅटचा संच चालू झाला १९८९ मध्ये, म्हणजे सिमेंट मुक्त झाले त्याच वर्षी. पुढे असे चार संच आणि एक ५०० मेगावॅटचा, अशी एकूण १,३४० मेगावॅट क्षमता झाली. या केंद्राचा भिंतीशी असलेला संबंध पुढे येईल.

१३/
आणखी जुन्या घरांत सिमेंटखाली, किंवा सिमेंटऐवजी, चुन्याचा गिलावा निघतो. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी ओतले की तो उकळतो, फुलतो आणि विरतो. वाळूत मिसळून भिंतीवर थापल्यावर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. चुनखडीपासून निघून चुनखडीपर्यंत परतण्याच्या या वाटेला महिने, कधी वर्षे लागतात.

१४/
गडकोट हिंडणाऱ्यांनी हा चुना मळण्याचे यंत्र पाहिलेले असते. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांवर गोल दगडी चर आणि त्यात फिरणारे जड दगडी चाक दिसते. तोच चुन्याचा घाणा. बैल चाक ओढत आणि चुना, वाळू, पाणी तासन्‌तास दळले जाई. गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद यांचे पाणी मिसळण्याची रीत होती. त्याने मसाला लवचीक राही, सावकाश सुके आणि भेगा कमी पडत.

१५/
या कलेचे महाराष्ट्रातील एक मोठे उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा, अर्थात पूर्वीच्या औरंगाबादचा, बीबी का मकबरा. सतराव्या शतकाच्या मध्यास उभारलेल्या या वास्तूत संगमरवर मोजक्याच ठिकाणी आहे. उरलेला शुभ्रपणा घोटलेल्या चुन्याच्या गिलाव्याचा आहे. खर्चाला मर्यादा असताना चुन्याने संगमरवराची जागा घेतली आणि साडेतीनशेहून अधिक पावसाळे पाहिले.

१६/
मग असा टिकाऊ चुना न्हाणीघरात का हरतो? कारण त्याला कठीण होण्यासाठी हवा लागते आणि न्हाणीघरात पाणी असते. सतत ओल्या भिंतीत हवा आतवर पोहोचत नाही आणि चुना मऊच राहतो. त्यात विटांतील क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात, तेथे त्यांचे स्फटिक होतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. लोणा लागलेला गिलावा दुरुस्त होत नाही. तो काढावाच लागतो.

१७/
या अडचणीवरचा उपाय प्राचीन आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने ओलसर खोल्यांसाठी नेमकी सूचना लिहून ठेवली : जमिनीपासून सुमारे तीन फूट उंचीपर्यंत गिलाव्यात वाळूऐवजी भाजक्या मातीचा, म्हणजे विटा-खापरांचा, चुरा वापरावा. आजच्या न्हाणीघरात ‘बद्द’ आवाज बहुधा याच उंचीच्या आत येतो, हे लक्षात घेतले की दोन हजार वर्षांपूर्वीचे निरीक्षण किती अचूक होते ते कळते.

१८/
भारतात याच चुऱ्याला सुरखी म्हणतात. भाजलेल्या मातीतील सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि मसाला हवेवाचून, पाण्यातही कठीण होतो. म्हणून हौद, विहिरी, हमाम आणि बंधारे यांना सुरखी हवीच असे. १८९५ मध्ये पूर्ण झालेले दक्षिणेतील मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीच्या काँक्रीटचे आहे. सुरखी म्हणजे अखेर खापराची पूड. खापरखेडा या नावातील ‘खापर’ तेच : मातीच्या भांड्याचा भाजलेला तुकडा.

१९/
चुन्याच्या गिलाव्यावर थेट सिमेंट थापले तर काय होते, हे जुन्या वास्तूंनी दाखवून दिले आहे. विसाव्या शतकात अनेक मंदिरांवर, वाड्यांवर आणि तटांवर डागडुजीसाठी सिमेंट चढले. चुना मऊ आणि श्वास घेणारा, सिमेंट कडक आणि दाट. भिंतीतील ओल बाहेर पडेना. ती आतच कोंडून चुना, वीट आणि दगड कुजवू लागली. जतन करणाऱ्यांना आता ते सिमेंट हळुवारपणे काढून पुन्हा चुना भरावा लागतो.

२०/
गिलावा धरून कसा ठेवावा, याचा धडा अजिंठ्यात आहे. लेणी खोदणाऱ्यांनी चित्रांसाठीच्या भिंती घासून गुळगुळीत केल्या नाहीत. छिन्नीच्या खुणांनी त्या खडबडीत ठेवल्या, म्हणजे माती, भुसा आणि तंतू यांचा गिलावा दगडाला पकड घेईल. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. काँक्रीटच्या तुळईला गिलाव्यापूर्वी टोचे मारणारा आजचा मिस्त्री याच तत्त्वावर चालतो.

२१/
अजिंठ्यातही गिलावा सुटू लागला होता. १९२०च्या दशकाच्या आरंभी हैदराबादच्या निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटणारा गिलावा पुन्हा दगडाला धरवला. चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण मात्र पुढे पिवळे, काळपट झाले आणि ते उतरवण्याचे काम नंतरच्या पिढ्यांवर आले. तेथे सुटलेला गिलावा पाडणे हा पर्यायच नव्हता, कारण चित्र त्या गिलाव्यावरच होते.

२२/
म्हणून जुन्या घरात हातोडी उचलण्यापूर्वी आणखी एक पाहणी आवश्यक ठरते. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. मराठा काळातील इतर वाड्यांतही अशी चित्रे होती. सफेदीच्या थरांखाली रंगरेषा असू शकतात. शंभर-दीडशे वर्षांच्या वाड्यातील खोली न्हाणीघर करायची असेल, तर वरचा पापुद्रा चाकूच्या पात्याने एका कोपऱ्यात हलकेच खरवडून पाहावा. त्याला पाच मिनिटे लागतात. पाडलेले चित्र मात्र पुन्हा मिळत नाही.

२३/
साध्या न्हाणीघरात निर्णय सरळ आहे. भरीव, न रंगवलेला सिमेंटचा गिलावा राहू द्यावा. त्याला टोचे मारून पकड द्यावी. पोकळ, वाळू गळणारा, लोणा लागलेला किंवा जिप्समचा गिलावा विटेपर्यंत उतरवावा. मग विटांचे सांधे सुमारे एक सेंटिमीटर खोल खरवडावेत, भिंत झाडून धुवावी, ओली करून नवा गिलावा द्यावा आणि निदान सात दिवस पाणी मारावे. वीट आणि काँक्रीट जेथे भेटतात, तेथे जाळी ठोकावी. टाइल त्यानंतर.

२४/
हे काम करणाऱ्यांचाही इतिहास असतो, पण तो लिहिला जात नाही. विदर्भात बांधकामावरच्या मजूर बाईला रेजा म्हणतात. छिन्नी मिस्त्री चालवतो. मलब्याची घमेली बहुधा रेजा उचलते. बंद न्हाणीघरात उडणाऱ्या धुळीत वाळूची सूक्ष्म सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात साठली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर रामबाण औषध नाही. भिंत ओली करून फोडणे, तोंडाला चांगला मास्क बांधणे आणि खिडकी उघडी ठेवणे, एवढ्याने धोका पुष्कळ कमी होतो.

२५/
भिंत विटेपर्यंत मोकळी झाली की नवा गिलावा येतो, आणि त्याच्याबरोबर खापरखेडा पुन्हा कथेत येते. वीजकेंद्रात दळलेला कोळसा प्रचंड तापमानात जळतो. त्यातील माती वितळते आणि सूक्ष्म काचेसारखे गोल कण होऊन धुराबरोबर निघते. हीच उडणारी राख. तिच्यातही सिलिका आणि ॲल्युमिना असतात आणि तीही चुन्याशी संयोग पावते. बाजारातील पीपीसी सिमेंटच्या पोत्यात १५ ते ३५ टक्के अशी राख असू शकते.

२६/
१४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक केंद्रांपासून ५० किलोमीटरच्या आतील वीटउत्पादकांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. संपूर्ण नागपूर शहर या परिघात येते. भिंतीत न गेलेली राख तलावांत साठते. जुलै २०२२ मध्ये शेजारच्या कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरात पसरले. राखेला भिंतीत जागा मिळणे हा म्हणून शेताचा आणि नदीचाही प्रश्न आहे.

२७/
खापराची पूड दोन हजार वर्षे ओल्या भिंतीत जे काम करत होती, तेच काम आज वीजकेंद्राची राख करते. भट्टी बदलली, रसायन तेच राहिले. जुना गिलावा उतरवताना खाली पडतो तो प्लेगचा चुना, टंचाईची वाळू आणि कुणा गवंड्याचा नीरूचा हात. तो पाडणे बहुतेक वेळा आवश्यकच असते. फक्त पहिला घाव घालण्यापूर्वी भिंत एकदा ठोकून ऐकावी आणि एका कोपऱ्यात खरवडून पाहावी. त्या भिंतीवर काय लिहिले होते, हे वाचण्याची ती शेवटची संधी असते.